‘हँड इन ग्लव्ह’: अर्थ कसा ओळखायचा, मराठीत कसा आणायचा, स्वतः कधी वापरायचा

कार्यालयातली इंग्रजी पत्रं, प्रकल्पांचे अहवाल आणि बातम्यांचे मराठी अनुवाद यांत ‘हँड इन ग्लव्ह’ हा वाक्प्रचार वारंवार चुकतो. शिवाय तो दोन उलट दिशांनी चुकतो. इंग्रजी लिहिणारा कौतुकाने म्हणतो, ‘वी आर वर्किंग हँड इन ग्लव्ह विथ द काँट्रॅक्टर’, आणि ते वाचणाऱ्या लेखापरीक्षकाच्या मनात कंत्राटदाराशी साटेलोटे असल्याची शंका उभी राहते. मराठीत अनुवाद करणारा मात्र ‘पोलीस आणि तस्कर हातात हात घालून काम करत होते’ असं लिहितो आणि गंभीर आरोपाला शाळेच्या सहलीचा सूर लावतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. वाक्प्रचाराचा गाभा म्हणजे अत्यंत जवळचं सहकार्य, तेवढं पाठ असतं. ते सहकार्य चांगलं की वाईट हे कोण ठरवतं, ते पाहिलं जात नाही. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा. शब्द आधी निवडून संदर्भ नंतर पाहिला, की चूक जवळजवळ ठरलेलीच.

## तयारी

तीन गोष्टी हाताशी ठेवा.

पहिली, दोन शब्दकोश: विद्यार्थ्यांसाठी केलेला एक ब्रिटिश इंग्रजी कोश आणि एक अमेरिकी कोश. केम्ब्रिज किंवा ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात या वाक्प्रचारापुढे गैर किंवा बेकायदा कामाची छटा नोंदवलेली दिसेल. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी कोशातला अर्थ त्या मानाने तटस्थ, म्हणजे फार निकटचं नातं किंवा एकमत असा आहे. एकच कोश पाहणारा अर्धाच अर्थ घेऊन उठतो.

दुसरी, पूर्ण परिच्छेद. सुटं वाक्य घेऊन या वाक्प्रचाराचा रंग कळत नाही. निदान आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्यं समोर हवीत.

तिसरी, कोरा कागद. पायरी २ मधल्या चार प्रश्नांची उत्तरं त्यावर लिहायची आहेत. मनातल्या मनात उत्तरं दिली की माणूस हमखास तिसरा प्रश्न गाळतो.

## पायरी १: मूळ रूप पक्कं करा

उच्चार ‘ग्लव्ह’. त्याचं यमक ‘लव्ह’शी जुळतं, ‘स्टोव्ह’शी नाही. ‘हँड इन ग्लोव्ह’ हा उच्चार मुलाखतीत लगेच खटकतो.

शब्द ठरलेले आहेत, ते हलवता येत नाहीत:

- दोन्ही नामं एकवचनीच राहतात. माणसं कितीही असोत, ‘हँड्स इन ग्लव्हज’ होत नाही. आपल्याकडे ‘हँड इन ग्लव्हज’ बरंच दिसतं, तेही चूकच.
- मध्ये ‘अ’ किंवा ‘द’ येत नाही. ‘हँड इन अ ग्लव्ह’ म्हणजे खरोखरचा हात आणि खरोखरचा हातमोजा.
- पुढे दुसरा पक्ष येत असेल तर ‘विथ’. ‘टू’ किंवा ‘ऑफ’ नाही.
- दोन्ही पक्ष कर्त्यातच आले असतील तर ‘विथ’ लागत नाही: ‘द टू ऑफिसेस वर्क हँड इन ग्लव्ह.’
- क्रियापदानंतर आला तर तीन सुटे शब्द. नामाआधी विशेषण म्हणून आला तर मध्ये जोडरेघा: हँड-इन-ग्लव्ह रिलेशनशिप.

क्रियापदं मोजकी असतात. ‘बी’ आणि ‘वर्क’ सर्वांत जास्त, त्याखालोखाल ‘ऑपरेट’ आणि ‘अ‍ॅक्ट’. ‘गो’ दिसलं तर थांबा, तिथे बहुधा ‘हँड इन हँड’ हवं असतं. ‘गरिबी आणि आजार बरोबरीने येतात’ याला ‘गो हँड इन हँड’ म्हणतात. ‘हँड इन ग्लव्ह’ प्रामुख्याने माणसं, संस्था, खाती यांच्यासाठी आहे, कारण तिथे जाणूनबुजून केलेलं सहकार्य असतं.

जुन्या पुस्तकांत ‘हँड अँड ग्लव्ह’ असंही रूप भेटेल. ते छपाईची चूक म्हणून दुरुस्त करू नका. आज स्वतः लिहिताना मात्र ‘इन’च वापरा.

सावधान: ‘ग्लव्ह’ शब्द असलेले सगळे वाक्प्रचार एका घरातले नाहीत. ‘फिट लाइक अ ग्लव्ह’ म्हणजे कपडा अंगाला नेमका बसणं. ‘द ग्लव्हज आर ऑफ’ म्हणजे आता मुलाहिजा नाही, भांडण उघड. ‘किड ग्लव्हज’ने हाताळणं म्हणजे फार जपून वागवणं. यातला एकही सहकार्याबद्दल नाही.

## पायरी २: चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा

१. पक्ष कोण? त्यातल्या एकाचं काम दुसऱ्यावर नजर ठेवणं आहे का? पोलीस आणि तस्कर, महसूल अधिकारी आणि वाळूचा ठेकेदार, परीक्षा घेणारी यंत्रणा आणि खासगी शिकवणी, लेखापरीक्षक आणि कंपनी. अशा जोड्यांत जवळीक हाच दोष असतो. परिचारिका आणि आशा सेविका यांच्या जोडीत मात्र जवळीक हाच गुण.

२. नेमकं कृत्य कोणतं? परिच्छेदात कृती सांगितली आहे की नुसती जवळीक? खबर देणं, कागद बदलणं, दर आधीच ठरवून घेणं या कृती झाल्या. ‘बऱ्याच वर्षांपासून हँड इन ग्लव्ह आहेत’ एवढंच असेल तर कृती सांगितलेली नाही.

३. कोण म्हणतं? बातमीदार स्वतः, न्यायालय, विरोधी पक्ष की ग्रामस्थ? ‘अलेज्ड’, ‘अलेजेडली’, ‘अ‍ॅक्यूज्ड’ हे शब्द शोधून अधोरेखित करा.

४. मजकूर कुठला? भारतीय इंग्रजी वर्तमानपत्र असेल तर वाईट छटा धरून चाला आणि संदर्भाने नाकारली तरच सोडा. अमेरिकी व्यवस्थापनाचा किंवा लष्करी सहकार्याचा मजकूर असेल तर तटस्थ किंवा चांगला अर्थ अगदी शक्य आहे.

तपासणी: पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं विरुद्ध दिशांना जात असतील, तर कृत्याला जास्त वजन द्या. पोलीस आणि खबरे ही जोडी संशयास्पद वाटते, पण मिळून हरवलेलं मूल शोधलं असेल तर अर्थ चांगलाच आहे.

## पायरी ३: हात कोणता, मोजा कोणता, हे शोधत बसू नका

इथे बरेच चांगले अनुवादकही घसरतात. मोज्याच्या आत लपलेला हात डोळ्यांपुढे येतो आणि एक पक्ष पडद्यामागून दुसऱ्याला नाचवतो असा अर्थ काढला जातो. वाक्प्रचारात तसं काही नाही. मोजा हाताला घट्ट बसतो, त्या घट्टपणावर तो उभा आहे. लपवाछपवीची छटा वापरातून आली. कोण वरचढ, कोणाच्या सांगण्यावरून कोण हलतं, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून ‘वरदहस्त’, ‘हातातलं बाहुलं’, ‘पाठीशी घालणं’ हे शब्द त्याच्या जागी ठेवू नका. या सगळ्यांत एक मोठा आणि एक लहान आहे. मूळ मजकुरात तसं वेगळं सांगितलं असेल तरच ते आणा.

क्रमाला मात्र अर्थ आहे. ‘ऑफिशियल्स हँड इन ग्लव्ह विथ स्मगलर्स’ असं लिहिताना तस्कर वाईट आहेत हे गृहीतच धरलेलं असतं. नवा ठपका अधिकाऱ्यांवर आहे. मराठीतही तो भार अधिकाऱ्यांवर राहिला पाहिजे: ‘तस्करांशी अधिकाऱ्यांचे साटेलोटे’. उलटं केलं, ‘अधिकाऱ्यांशी तस्करांचे साटेलोटे’, की बातमी तस्करांची होते.

## पायरी ४: मराठी शब्द निवडा

सगळा कस इथे लागतो, म्हणून इथे वेळ घालवा. मराठीत या एका वाक्प्रचारासाठी डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी आहे.

### छटा वाईट असेल तर

साटेलोटे. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सून म्हणून करायच्या, या व्यवहाराचा हा शब्द. गावाकडे अजूनही त्याच अर्थाने ऐकू येतो. त्यामुळे यात देवघेव आहे: दोघंही काहीतरी देतात, दोघंही काहीतरी घेतात. फायदा दुतर्फा दिसत असेल तर यापेक्षा चपखल शब्द नाही. रचना: ‘अमक्याशी तमक्याचे साटेलोटे असणे’.

संगनमत. एखादं विशिष्ट गैरकृत्य दोघांनी ठरवून केलं. इथे कृत्य हवंच. ‘संगनमत करून निविदा भरल्या’, ‘संगनमताने बनावट खरेदीखत केले’. तक्रारअर्ज, नोटीस, चौकशी अहवाल यांत हाच शब्द शोभतो. ‘त्यांचं फार वर्षांपासून संगनमत आहे’ हे वाक्य अपुरं वाटतं, कारण कशासाठी ते सांगितलेलं नाही.

सामील असणे, आतून सामील असणे. एक पक्ष उघड गुन्हेगार आणि दुसरा त्याला आतून मदत करणारा. ‘पहारेकरी चोरांना सामील होता’. इथे दुसऱ्याला काय मिळालं हे सांगावं लागत नाही.

हातमिळवणी. आधी वेगळे, बहुधा विरोधात असलेले दोन पक्ष एकत्र आले. शब्दात सुरुवातीचा क्षण आहे. राजकारणात तो जवळजवळ तटस्थही असतो. मूळ इंग्रजीत आधीचा विरोध नसेल तर हा शब्द उगाच एक कथा जोडतो.

लागेबांधे, हितसंबंध. संबंध आहेत, पण त्यातून काय केलं हे सिद्ध नाही. ‘हँड इन ग्लव्ह’पेक्षा हे सौम्य आहेत. सावधपणे लिहायचं असेल तेव्हा चालतील, पण मूळ आरोप थेट असताना हे वापरले तर धार जाते.

मिलीभगत. हिंदीतून आलेला, मथळ्यात चालणारा. बोलण्यात ठीक आहे. औपचारिक मजकुरात ‘संगनमत’ घ्या.

### जवळीक आहे, पण निवाडा दिलेला नाही

अनुवादक या खणाकडे फारसे वळत नाहीत, आणि तेच मोठं नुकसान आहे. मेतकूट जमणे आणि गूळपीठ जमणे हे दोन अस्सल मराठी प्रयोग इथले आहेत. मेतकूट जमतं तेव्हा घट्ट मैत्री असते. बोलणाऱ्याच्या आवाजात थोडं आश्चर्य किंवा थोडी शंका असू शकते, पण गुन्ह्याचा आरोप नसतो. गूळपीठात शंकेचा अंश जरा जास्त. इंग्रजी लेखकाने जवळीक सांगून पुढचं वाचकावर सोडलं असेल, तर हेच वापरा.

सावधान: हे दोन्ही घरगुती, बोलके प्रयोग आहेत. न्यायालयीन किंवा सरकारी मजकुरात ते बसत नाहीत. तिथे ‘निकटचे संबंध’ असं साधं लिहा.

### छटा चांगली असेल तर

‘एकमेकांच्या साथीने’, ‘समन्वयाने’, ‘एकदिलाने’, ‘खांद्याला खांदा लावून’. यातला शेवटचा संकटाच्या किंवा कष्टाच्या कामाला शोभतो, पूर किंवा श्रमदान अशा. दोन संगणक विभागांच्या रोजच्या कामाला ‘समन्वयाने’ पुरे. ‘हातात हात घालून’ इथे चालेल, पण त्याला इंग्रजीत ‘हँड इन हँड’ हा सख्खा जोडीदार आहे. दोन्ही वाक्प्रचार एकाच मजकुरात आले तर गोंधळ होतो, म्हणून तो त्याच्यासाठी राखून ठेवा.

### काय टाळायचं

- ‘हातमोज्यात हात’: मराठीत असा वाक्प्रचार नाही. वाचक अडखळतो आणि अर्थ हाती लागत नाही.
- ‘एकाच माळेचे मणी’: दोघं सारखेच वाईट, एवढंच. ते एकमेकांना भेटलेलेही नसू शकतात.
- ‘तेरी भी चूप, मेरी भी चूप’: परस्परांचे दोष झाकणं. सहकार्याचा एक फारच छोटा प्रकार.
- ‘काणाडोळा करणे’: पाहूनही न पाहिल्यासारखं करणं. यात भागीदारी नाही.

तपासणी: निवडलेला शब्द वाक्यात ठेवा आणि विचारा, यातून मूळ मजकुरात नसलेली एखादी गोष्ट वाचकाला कळते का? पैसा, जुनं वैर, वरचढपणा, गुन्हा, यातलं काहीही नव्याने शिरलं असेल तर शब्द बदला.

## पायरी ५: वाक्य बांधताना आरोप आरोपच ठेवा

इंग्रजीतला ‘अलेजेडली’ हा एक शब्द मराठी वाक्यात सहज गळतो. ‘अधिकारी अलेजेडली हँड इन ग्लव्ह विथ बिल्डर्स’ याचं ‘अधिकाऱ्यांचे बिल्डरांशी साटेलोटे’ झालं की आरोपाची वस्तुस्थिती झाली. नाव घेऊन असं छापलं तर प्रकरण बदनामीपर्यंत जाऊ शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे.

म्हणून:

१. आरोप करणाऱ्याला वाक्यात जागा द्या: ‘असा ग्रामस्थांचा आरोप आहे’, ‘असे तक्रारीत म्हटले आहे’.
२. मथळ्यात जागा कमी असेल तर शेवटी ‘-चा आरोप’ जोडा. ‘साटेलोटे असल्याचा आरोप’ ही रचना सुटसुटीत आहे आणि ‘साटेलोटे आहे’ की ‘आहेत’ हा वचनाचा घोळही टाळते.
३. ‘कथित’ हा शब्द कृत्याला लावा, माणसाला नको. ‘कथित संगनमत’ ठीक, ‘कथित अधिकारी’ म्हणजे तो अधिकारीच नाही असा अर्थ होतो.
४. ‘कट’ हा शब्द आपल्या मनाने वापरू नका. फौजदारी कट हा त्याच संहितेतल्या कलम ६१ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे आणि ‘हँड इन ग्लव्ह’मध्ये तो गृहीत नाही.

## पायरी ६: स्वतः इंग्रजीत लिहिताना

नियम कडक ठेवा: कौतुक करायचं असेल तर भारतीय वाचकासाठी ‘हँड इन ग्लव्ह’ वापरूच नका. अमेरिकी सहकाऱ्याला तो योग्य वाटेल, पण तेच पत्र उद्या कोणाकडे पुढे जाईल हे आपल्या हातात नसतं. पर्याय भरपूर आहेत.

- ‘क्लोजली विथ’: सर्वांत सुरक्षित, कुठेही चालतो.
- ‘इन क्लोज कोऑर्डिनेशन विथ’: सरकारी पत्रव्यवहार, अहवाल.
- ‘इन टँडम विथ’: दोन कामं एकाच वेळी, जुळवून चाललेली.
- ‘शोल्डर टू शोल्डर’: ‘खांद्याला खांदा लावून’चं थेट रूप, भावनेचा भाग जास्त.

वाईट अर्थच सांगायचा असेल तर पातळी पाहा. ‘इन कहूट्स विथ’ बोलीतला आहे आणि नेहमी अनेकवचनी रूपातच येतो. ‘इन लीग विथ’ बातमीला चालतो. तक्रार किंवा नोटिशीत वाक्प्रचार नको, ‘इन कोल्यूजन विथ’ लिहा. ‘इन कनायव्हन्स विथ’ सरसकट ‘संगनमता’साठी टाकलं जातं, पण त्याचा गाभा काणाडोळा करण्याचा आहे. एखाद्याने नुसतं होऊ दिलं असेल तर तो बरोबर, बरोबरीने केलं असेल तर ‘कोल्यूजन’.

शंका असेल तर शोधयंत्रात पूर्ण वाक्यांश अवतरणचिन्हांत टाका, पुढे ‘विथ’ जोडा आणि आपण ज्या देशासाठी लिहितो तिथल्या बातम्यांतली दहा वाक्यं वाचा. दहापैकी किती ठिकाणी दुसरा पक्ष गुन्हेगार आहे ते मोजा. उत्तर मिळायला पाच मिनिटं पुरतात.

## पायरी ७: परीक्षेत आला तर

एमपीएससी आणि एसएससी (दहावी नव्हे, स्टाफ सिलेक्शन कमिशन) यांच्या अभ्यासक्रमांत वाक्प्रचार आहेतच. नुसता वाक्प्रचार दिला असेल तर ‘अतिशय निकटचा संबंध’ या अर्थाचा पर्याय घ्या. वाक्य दिलं असेल आणि ‘निकट’ व ‘गैरकामात संगनमत’ असे दोन्ही पर्याय असतील, तर पायरी २ मधला पहिला प्रश्न विचारा आणि वाक्यातला दुसरा पक्ष पाहा. ‘नेमका बसणारा’ हा पर्याय ‘फिट लाइक अ ग्लव्ह’चा सापळा आहे.

## सराव: तीन उतारे

पहिला. ‘व्हिलेजर्स अलेज्ड दॅट रेव्हेन्यू ऑफिशियल्स वेअर हँड इन ग्लव्ह विथ द सँड माफिया अँड टिप्ड देम ऑफ बिफोर एव्हरी रेड.’ पक्षांपैकी एक नजर ठेवणारा. कृत्य स्पष्ट, खबर देणं. म्हणणारे ग्रामस्थ. पैशांचा उल्लेख नाही, म्हणून ‘साटेलोटे’ थोडं पुढे जातं आणि ‘सामील’ नेमकं बसतं: ‘महसूल अधिकारी वाळूमाफियांना आतून सामील असून प्रत्येक छाप्याआधी त्यांना खबर देत होते, असा आरोप ग्रामस्थांनी केला.’ पुढच्या वाक्यात हप्त्याचा उल्लेख आला तर परत या आणि ‘साटेलोटे’ करा.

दुसरा. ‘द नर्सेस अँड द आशा वर्कर्स वर्क्ड हँड इन ग्लव्ह थ्रूआउट द इम्युनायझेशन ड्राइव्ह.’ ‘विथ’ नाही, दोन्ही पक्ष कर्त्यात, कृत्य चांगलं. ‘लसीकरण मोहिमेत परिचारिका आणि आशा सेविकांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकमेकींच्या साथीने काम केले.’ ‘एकमेकांच्या’ऐवजी ‘एकमेकींच्या’, हे इंग्रजीत दिसत नाही पण मराठीत सांभाळावं लागतं.

तिसरा. ‘द ट्रस्ट अँड द लोकल बिल्डर्स हॅव लाँग बीन हँड इन ग्लव्ह.’ कृत्य नाही, आरोप करणारा नाही, पुढचा परिच्छेदही गप्प. इथे ‘संगनमत’ लिहिलं तर गुन्हा आपण जोडला, ‘समन्वय’ लिहिलं तर प्रमाणपत्र आपण दिलं. ‘त्या न्यासाचे आणि स्थानिक बांधकाम व्यावसायिकांचे फार पूर्वीपासून गूळपीठ आहे.’ मजकूर सरकारी असेल तर ‘फार पूर्वीपासून निकटचे संबंध आहेत’.